‘परमनंट’च्या जागी बदली शब्द नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांचं जे सदर येतं, त्यात या वेळी ‘परमनंट’ होता. अर्थ दिलाय : टिकाऊ, चिरस्थायी, कायमस्वरूपी. शेवटी लेखकानं हळहळही व्यक्त केली आहे, की आपल्या भाषेत एवढे शब्द पडून असताना लोक परमनंट-परमनंट का करतात.

मी एका खासगी माध्यमिक शाळेच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. आता दर रविवारी आमच्या वधू-वर सूचक मंडळात टेबल सांभाळते. आधी सेवापुस्तकं आणि आता बायोडाटे, दोन्हीकडे हा शब्द माझ्या डोळ्यांखालून सारखा जात आलाय. म्हणून लिहिते. पत्र लांबलं तर कात्री लावा, राग नाही.

सदरातला अर्थ वस्तूंच्या बाबतीत बरोबर आहे. पण वस्तूला आपण परमनंट म्हणतो कुठे? चप्पल दणकट असते, पातेलं टिकाऊ असतं, लुगड्याचा रंग पक्का असतो, विहिरीचं पाणी बारमाही असतं. बरण्यांवर धने-जिरे लिहायच्या पेनाला तेवढं परमनंट मार्कर म्हणतो आणि फोडणीच्या तेलकट हातानं ‘जिरे’मधला ‘जि’ महिन्याभरात उडतो. याउलट माझ्या सासूबाईंच्या पितळी घागरीच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत घातलेलं त्यांच्या सासऱ्यांचं नाव चिंच लावून इतकी वर्षं घासलं तरी बोटाला लागतं. त्याला कुणी परमनंट म्हणत नाही. नाव घातलंय म्हणतात, बस्स.

मराठीत परमनंट असतो तो माणूस. ‘त्याची नोकरी परमनंट आहे’ असं म्हणणारे कमी, ‘तो परमनंट आहे’ म्हणणारे जास्त. आणि त्याहून जास्त ‘तो परमनंट झाला’. मुलगी मोठी झाली, मुलगा बाप झाला, त्याच चालीवर. झाला की पेढे वाटतात, गाडीचं बुकिंग करतात आणि आमच्या मंडळात नाव नोंदवायला येतात. मुलीकडच्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. शिक्षण, उंची, बागायत किती, भाऊ किती. मग आई खुर्ची जरा पुढे ओढते नि आवाज उतरवून विचारते, ‘‘ताई, पोरगं परमनंट हाय न्हवं?’’ पगाराचा आकडा त्यानंतर. आता या वाक्यात सदरातला शब्द घालून बघा : ‘‘पोरगं कायमस्वरूपी हाय न्हवं?’’ टेबलाभोवतीची चार माणसं हसतील. चिरस्थायी म्हणावं तर लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी चि. आम्ही छापतोच, त्यानं कुणाचं समाधान होत नाही.

त्या आईला नोकरी किती वर्षं चालेल हे विचारायचं नसतंच. कंपन्या बंद पडतात, बँका एकमेकींत विरघळतात, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिला मुलाची पत विचारायची असते. आजारी पडला तर पगार चालू राहतो का, कर्जाला बँक दारात उभं करते का, साहेब चिडला म्हणून उद्या सकाळी गेटवर अडवू शकतो का, हे सगळं एका शब्दात. यासाठी आपल्याकडे जुना शब्द होता. आमच्या सातारा भागातल्या पेशवाईतल्या कागदांत गावात शेती करणारे दोन प्रकारचे लोक दिसतात, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरा हक्क. दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन तो आपल्या शेतावर उभा राहू शकत असे. उपरी बाहेरून आलेला, सालाच्या किंवा कौलाच्या, म्हणजे कराराच्या, मुदतीवर जमीन करणारा. कसायला दोघंही सारखेच, घामही सारखाच. पण गावकीत बसायचा मान, पाणवठ्यावरचा बोलायचा सूर, सोयरीक, सगळं त्या एका फरकावर. परमनंट आणि कंत्राटी म्हणजे दुसरं काय आहे? माझं तर म्हणणं असं, की ‘परमनंट’चा खरा मराठी अर्थ द्यायचाच तर ‘मिरासदार’ द्यावा. चालणार नाही हे माहीत आहे, पण निदान अर्थ कळेल.

आमच्या घरातलंच सांगते. आमचे मिस्टर साखर कारखान्यात मिल हाऊसला होते. त्यांचा दर्जा काय, तर ‘हंगामी कायम’. ज्यांना कारखान्याचं वारं लागलेलं नाही त्यांना ही थट्टा वाटेल. पण साखर कारखान्यात कायम, हंगामी कायम आणि नुसते हंगामी असे वेगवेगळे लोक असतात. हंगामी कायम म्हणजे बॉयलर पेटला, मोळी पडली की कामावर; गळीत संपलं की घरी; पण पुढच्या हंगामात जागा तुमचीच, आणि मधल्या काळात थोडाफार रिटेन्शन भत्ता. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘मालक परमनंट झालं का?’’ तर सासूबाई म्हणायच्या, ‘‘झाला, पर उसावर हाय.’’ तेवढ्यात सगळं आलं. पाऊस कमी झाला तर हंगाम आखूड. हंगाम आखूड की आमचा परमनंटपणाही तेवढ्यापुरता आखूड. तरी त्यांची पत होती, कारण जागा त्यांची होती. पतपेढीनं कर्ज दिलं ते त्या जागेवर. कायमस्वरूपी या शब्दाच्या पुढे हंगामी लावता येत नाही. परमनंटच्या पुढे लावता येतं, आणि लोक लावतात.

आता पुण्याकडे गेलेल्या पोरांचं बघा. कराड-पाटण भागातून चाकण, रांजणगावला जाणारी मुलं आमच्या मंडळात रग्गड. बायोडाट्यात लिहितात, ‘नोकरी – नामांकित कंपनी, पुणे (परमनंट)’. मी शाळेत कागद तपासून तपासून म्हातारी झालेय, मी ऑर्डर मागते. अलीकडेच एका मुलानं कुरकुरत मोबाइलवर दाखवली. वर लेटरहेड कंपनीचं नव्हतंच, माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं होतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, मधलं अंतर सात महिने. मी विचारलं, ‘‘यात परमनंट कुठं लिहिलंय, बाळा?’’ तर म्हणाला, ‘‘काकू, ब्रेक दिल्यावर परत घेतातच की. तीन कंत्राटदार बदलले, मशीन तेच आहे.’’

मुलगा खोटारडा नव्हता. त्याच्या लेखी मशीन तेच म्हणजे तो परमनंट. पण सात महिनेच का, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांतल्या नोकरीच्या सरकारी नियमांत, लिहिलेलं होतं, की बदली (दुसऱ्याच्या जागी लावलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत 240 दिवस भरले, हंगामी उद्योगात 190 दिवस भरले, तर त्याला लेखी आदेश देऊन कायम करायचं. 240 दिवस म्हणजे आठ महिने. सात महिन्यांवर ब्रेक पडला की हिशेब आपोआप तुटतो. 1971 च्या राज्याच्या कामगार कायद्यात तर कायमपणाचे हक्क चुकवण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा म्हणून चक्क नोंदवून ठेवली. पण ते सिद्ध करायला कोर्टात उभं राहायला लागतं, आणि उभं राहायला मागे कुणीतरी लागतं. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये शिक्कामोर्तब केलं, ते संघटना दहा वर्षं भांडली म्हणून. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत मुदतीच्या नेमणुकीला कायद्यात जागा दिली गेली; त्या मुदतीत पगार आणि सवलती कायम कामगारासारख्या द्यायच्या, असंही तिथे म्हटलंय. छान आहे. पण मुदत ती मुदतच, आणि आमच्या टेबलासमोरच्या आईला मुदतवाला जावई नको असतो.

शाळेचं जग याच्याही पुढचं. आमच्याकडे 1977 चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा. रिक्त कायम पदावर नेमलेला शिक्षक दोन वर्षं परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, काम समाधानकारक असलं की तो कायम झाला असं समजायचं. 2000 पासून शिक्षणसेवक आले, त्यांना तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकला ते मानधन 2023 च्या आधी महिना 8,000 रुपये होतं; 2023 मध्ये 18,000 केलं. तीन वर्षं काढली की मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून मान्यता आली की सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद. ती नोंद करताना शिक्षक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. मी लिहीत असताना श्वास धरून बघायचे. एका बाईंनी तर शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू दिलं नव्हतं.

पण मध्ये सरकारनं नवीन शाळांना परवानगी द्यायची एक पद्धत काढली, तिचं नाव ‘कायम विनाअनुदानित’. आमच्या ऑफिसच्या भाषेत परमनंट नॉनग्रँट. म्हणजे या शाळेला सरकार अनुदान देणार नाही, आज नाही आणि कधीच नाही, हे लिहून घेऊन परवानगी. आता गंमत बघा. अशा शाळेत शिक्षक लागला, त्यानं मुदत पुरी केली, मान्यता मिळाली, तर कायद्यानं तो कायम. कायम विनाअनुदानित शाळेतला कायम शिक्षक! पगार शून्य, नाहीतर संस्थेला वाटेल तेव्हा वाटेल तेवढा. असे लोक आमच्या तालुक्यात सकाळी डेअरीवर दूध घालून शाळेत यायचे, सुट्टीत दुसऱ्याच्या शेतावर जायचे. वधू-वर मंडळात त्यांच्या बायोडाट्यावर ‘शिक्षक, परमनंट’ लिहिलेलं असायचं आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसायचं.

मग 20 जुलै 2009 ला शासन निर्णय निघाला आणि ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द वगळला. आमच्या क्षेत्रात आजही लोक एवढंच म्हणतात, ‘‘कायम शब्द काढला.’’ सगळ्यांना कळतं. एका विशेषणासाठी हजारो माणसं आझाद मैदानावर बसली आणि एक विशेषण खोडल्यावर गुलाल उधळला, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. गुलाल घाईचा होता हे नंतर कळलं. शब्द गेला म्हणून पगार आला नाही. आधी मूल्यांकन, मग पात्र शाळांच्या याद्या, मग यादीत नाव असून निधीची घोषणा नाही. अनुदानाचा 20 टक्क्यांचा पहिला टप्पा यायला अनेकांना 2016 उजाडलं. पुढे 40, 60 असे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा मुंबईची गाडी. या मधल्या वर्षांत कुणाकुणाची लग्नं मोडली, कुणाकुणाची झालीच नाहीत, ते माझ्या वहीत आहे. नावं सांगणार नाही.

टप्पा मिळालेल्यांचंही पुढे आहेच. 1 नोव्हेंबर 2005 पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 मध्ये शिक्षक-कर्मचाऱ्यांनी संप केला तो याच मुद्द्यावर. तेव्हापासून आमच्या टेबलावर नवा प्रश्न ऐकू येतो : ‘‘परमनंट, पर जुनी का नवी?’’ बघा, शब्द अजून वाढतोच आहे.

सदराच्या लेखकांना वाटतं की मराठी शब्द वापरला की अर्थ स्वच्छ होतो. माझा अनुभव तसा नाही. महापालिकेची स्थायी समिती घ्या. नावातच स्थायी. सोळा जणांची समिती, आणि दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त. पहिल्या वर्षी कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. इतिहासात आपण सगळे कायमधारा शिकलो. 1793 मध्ये कॉर्नवॉलिसनं बंगालात सारा एकदाच कायमचा ठरवून दिला; स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच जमीनदारी गेली आणि तोही गेला. आणि परदेशातला जावई हवा असणाऱ्यांना ‘पीआर’ म्हणजे परमनंट रेसिडेन्सी हा शब्द फार गोड लागतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा कॅनडात आहे, तिथला पीआर म्हणजे पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहून दाखवायचं. परमनंट असल्याचा पुरावा परमनंट देत राहायचा, असं त्यानंच मला सांगितलं. कायमचा पत्ता या रकान्यात मात्र तो अजून आमच्या वाड्याचा पत्ता लिहितो. तिथे आता कुलूप आहे.

खरोखर न बदलणारं परमनंट मला एकच सापडलं, ते पॅन कार्डावरचं, म्हणजे ‘परमनंट अकाउंट नंबर’मधलं. दहा जागा : पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं. माझ्या सुनेनं लग्नाआधी कार्ड काढलं होतं. लग्नानंतर कार्डावरचं नाव बदलून आलं, नंबर तोच राहिला, त्यामुळे तिच्या नंबरात माहेरचं अक्षर अजून आहे. तिला ते फार आवडतं. मलाही.

तर मुद्दा. परमनंट हा शब्द लोकांनी फुकट उचललेला नाही. त्याच्यामागे ऑर्डर आहे, सेवापुस्तक आहे, 240 दिवस आहेत, पेन्शन आहे. तो काढून तिथे कायमस्वरूपी बसवला की सगळा हिशेब पुसट होतो, आणि पुसट झालेला कुणाला हवा असतो ते आपल्याच अंकातल्या छोट्या जाहिरातींत दिसतं. ‘कायमस्वरूपी नोकरी, 200 जागा, राहण्याची सोय’. खाली मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही. पगार कोण देणार ते नाही. अशा जाहिराती वाचून आमच्याकडची पोरं बॅग भरतात. कंत्राटदाराला परमनंट लिहायची छाती होत नाही, कारण तो शब्द लिहिला की समोरचा विचारतो, कंपनीच्या रोलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावर का? कायमस्वरूपी लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

म्हणून माझी विनंती सदराच्या लेखकांपेक्षा आपल्या जाहिरात विभागाला आहे. नोकरीची जाहिरात घेताना तीन गोष्टी विचारा आणि छापा : नेमणुकीचं पत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार, पगाराची स्लिप कोण देणार, नेमणूक कोणत्या तारखेपर्यंत. यातलं एक जरी उत्तर मिळालं नाही तर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द छापू नका. ‘मुदतीची नेमणूक’ किंवा ‘कंत्राटी’ छापा. शब्दामागे दर चढा लावलात तरी हरकत नाही. वधू-वरांच्या जाहिराती आपण छापता, त्यातही ‘नोकरी’च्या पुढे रोलवर की कंत्राटी, एवढं मागता येईल. मुलीकडच्यांचे दोन फोन वाचतील आणि माझे पुष्कळ.

आमच्या मंडळाच्या फॉर्मवर हे रकाने आम्ही गेल्या दिवाळीपासून घातले आहेत. सुरुवातीला मुलांच्या वडिलांनी आरडाओरडा केला. आता निमूट भरतात. फॉर्मचा नमुना हवा असेल तर पाठवते.

आपली,
एक निवृत्त मुख्य लिपिक,
कराड